उसवलं, फाटलं की विरलं?

आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे:

"ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. घरात मी, मिस्टर, अकरावीतली मुलगी आणि सासूबाई. दर वर्षी गणपतीच्या आधी मी कपाटं काढते आणि दर वर्षी त्याच ढिगापुढे अडून बसते. मिस्टरांचे ऑफिसचे दोन शर्ट कॉलरच्या घडीवर फाटलेत, बाकी शर्ट चांगले दिसतात. अल्टरवाला कॉलर उलटवायचे १२० रुपये सांगतो. मुलीचा कुर्ता काखेत शिवणीवर फाटलाय, जीन्स मांडीच्या आतून फाटलीय. जीन्सचे रफूवाला २५० म्हणतो आणि मुलगी म्हणते, 'आई, ऑनलाइन सहाशेला नवीन येते, कशाला?' माझ्या आईची पैठणी घडीवर फाटत चाललीय. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, तेव्हा ती नेसायचं मनात आहे. नवं घ्यावं तर मन खातं, जुनं शिवावं तर हिशेब बसत नाही.

आणखी एक आहे, जे घरात कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. सासरे रेमंडच्या मिलमध्ये मेंडिंगला होते. त्यांच्याकडून त्या रफू शिकल्या. माझ्या लग्नानंतर पंधरा वर्षं घरातलं एक कापड बाहेर शिवायला गेलं नाही. आता त्यांचा हात कापतो, नीट दिसत नाही, पण ढीग दिसला की सुयांचा डबा काढून बसतात. त्यांनी शिवलेलं मुलगी घालत नाही. म्हणून दुपारी त्या झोपल्या की मी त्यांचे टाके उसवते आणि अल्टरवाल्याकडून करून आणते. परवा त्यांनी तो कुर्ता हातात घेतला, काखेत बोट फिरवलं आणि काही न बोलता घडी घालून ठेवून दिला. तेव्हापासून मला चैन नाही. मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात चार जिन्नस आहेत आणि चारही तुम्ही 'फाटलं' म्हणून मोकळ्या झालात. वर्णनावरून मला तर त्यातलं एकही फाटलेलं वाटत नाही. कुर्ता उसवलाय. शर्टांच्या कॉलरी आणि जीन्सची मांडी विरलीय. पैठणी जीर्ण झालीय. मी शब्दांचा कीस काढतेय असं समजू नका. आपल्या आज्या हे शब्द निरनिराळे वापरायच्या, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा होता.

उसवलं म्हणजे दोरा गेला, कापड शाबूत आहे. फाटलं म्हणजे धडधाकट कापडाला बाहेरून इजा झाली. गाडीत चढताना खिसा कशात तरी अडकला, खिळ्याला लागून खोंबारा पडला. इजा तेवढ्याच जागी असते, बोटभर बाजूला कापड पहिल्यासारखंच असतं, म्हणून तिथे रफूही टिकतो आणि ठिगळही. विरणं या दोन्हींपेक्षा वाईट, कारण भोक पडायच्या कितीतरी आधी ते सुरू झालेलं असतं. धागे झिजून झिजून निम्मे झालेले असतात आणि आपल्याला कळतं ते पहिलं भोक पडल्यावर. अशा जागी रफू केला की नवा दोरा घट्ट आणि शेजारचे धागे दुबळे. चार धुण्यांत रफूच्या कडेकडेने कापड सुटतं आणि आपण रफूवाल्याला बोल लावतो.

म्हणजे शिवायचं की टाकायचं हे ठरवताना भोकाकडे बघायचंच नाही. भोकाच्या आजूबाजूचं कापड बघायचं. हे मला शिवणाच्या वर्गात कुणी शिकवलं नाही. मी पुढे चरईत पंचवीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले, पण ही गोष्ट शिकले ती नौपाड्यातल्या आमच्या चाळीच्या पायरीवर, एका बोहारणीकडून.

तुमच्या मुलीला बोहारीण माहीतही नसेल. दुपारची जेवणं आटोपली की ती डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन यायची. जुने कपडे द्यायचे, भांडं घ्यायचं. आई वडिलांची एखादी पँट पुढे करायची. गुडघ्याला काही नाही, मोहरीला काही नाही, इस्त्री केलेली. बोहारीण गुडघ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पँट उलटी करायची, बैठकीच्या जागी दोन्ही हातांचे अंगठे टेकवायची आणि आडवं हलकेच ताणायची. मग ती जागा दाराच्या उजेडात धरायची. साडी असली तर घडीतला एकच थर सोडवून उन्हासमोर. शर्ट असला तर कॉलर उचलून घडीवरून नख फिरवायची. आई म्हणायची, "अगं, भोक नाही कुठे." ती म्हणायची, "भोक न्हाई वहिनी, पर आता पडंल." आणि पातेल्याऐवजी वाटी काढायची. तिचं पोट त्या अंदाजावर होतं, त्यामुळे तो सहसा चुकायचा नाही.

तुम्ही तेच करा. ढिगातला एकेक कपडा खिडकीशी न्या, कापडाचा एकच थर उजेडासमोर धरा आणि भोकाच्या भोवती वीतभर बघा. विणीतून उजेड चाळणीसारखा येत असेल आणि बाकी अंगातून तसा येत नसेल, तर ते कापड विरलंय. मग दोन अंगठ्यांनी आडवं-उभं हलकेच ताणा. जिवंत कापड ताण घेतं आणि परत येतं. मेलेलं कापड बारीक चरचरतं, तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. शेवटी कपडा उलटा करून शिवणीच्या आत किती माया आहे ते बघा. शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो त्याला माया म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मला हा आपल्या भाषेतला फार सुंदर शब्द वाटतो. माया असेल तर कपडा पुन्हा उभा राहतो. हल्लीच्या स्वस्त तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे बांधणाऱ्या शिलाईच्या, आत जेमतेम अर्धं बोट कापड असतं. ते एकदा उसवलं की शिवायला धरायचं कशाला, हाच प्रश्न येतो.

कुर्त्याचं लगेच उरकते. काखेत शिवणीवर गेलाय आणि शेजारचं कापड घामाने कडक झालेलं किंवा विटलेलं नसेल, तर आतून माया धरून, रंगाला रंग मिळवून दोन शिलाया मारायच्या. पण तो काखेतच का गेला, हेही बघा. मुलगी वाढत्या वयाची आहे, बाही तंग होत असेल. मग नुसती शिवण मारून तो पुन्हा तिथेच जाणार. काखेत चौकोनी कळी घाला. कापड त्याच कुर्त्याच्या खालच्या दुमडीतून किंवा ओढणीच्या टोकातून निघतं. हात वर केला तरच कळी दिसते आणि कुर्त्याला आणखी दोन वर्षं मिळतात.

शर्टांवर थोडा वेळ घालवू या, कारण तिथे तुमचा हिशेब चुकतोय.

कॉलर घडीवरच का जाते? मानेचा घाम आणि तेलकटपणा तिथे बसतो, दाढीचे खुंट दिवसभर तिथे घासतात, आणि तो मळ काढायला आपण नेमकं तिथेच ब्रशने खसाखसा घासतो. म्हणजे शर्टाचं अंग तरुण असतानाच कॉलर म्हातारी होते. यावर शिंप्यांनी फार पूर्वीच उपाय काढलाय. कॉलरचं पान पट्टीपासून उसवायचं, उलटं फिरवायचं आणि परत बसवायचं. झिजलेली बाजू मानेकडे खाली जाते आणि कोरी बाजू वर येते.

त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. कॉलरच्या टोकांत प्लास्टिकची पट्टी सरकवायची खाच असेल, तर ती खाच खालच्या बाजूला असते. उलटवली की ती वर दिसणार. टोकांना बटणं लावायची कॉलर असेल तरीही अडचण येते. दुसरं म्हणजे तयार शर्टात बहुतेक वेळा वरच्या पानालाच आतून फ्युजिंग, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर, चिकटवलेलं असतं. उलटवल्यावर वर येणारं पान मऊ पडतं, कधी किंचित फुगतं. रेघांच्या किंवा चौकड्यांच्या शर्टात ते खपून जातं, पांढऱ्यात दिसतं. म्हणून आधी एकच शर्ट द्या. तो बघा, मिस्टरांना दाखवा, मग दुसरा. अल्टरवाला 'मॅचिंग सेंटरमधून कापड आणून नवी कॉलर लावतो' म्हणाला तर पांढऱ्याला नको म्हणा. पांढऱ्यात दहा पांढरे असतात, आणि सहा वर्षं धुतलेल्या पांढऱ्याला जोड सापडत नाही. नवी कॉलर करायचीच असेल तर शर्टाच्या मागच्या खालच्या टोकातून कापड काढायला सांगा. ते टोक पँटच्या आत जातं, तिथे दुसरा तुकडा जोडला तर कुणाला दिसत नाही.

आता हिशेब. तुम्ही १२० रुपयांची तुलना नव्या शर्टाच्या किमतीशी करता. ती कपड्यात उरलेल्या दिवसांशी करा. शर्टाचे खांदे उजेडात धरा. मिस्टर लोकलने जात असतील आणि एकाच खांद्यावर बॅग लटकवत असतील तर तो खांदा आधी बघा. खांदे आणि पाठ जिवंत असेल तर शर्ट अजून वर्षभर सहज जाईल. आठवड्यातून एकदा म्हटलं तरी पन्नास दिवस. १२० भागिले ५०, दिवसाला अडीच रुपयेसुद्धा पडत नाहीत. ९०० रुपयांचा नवा शर्ट दोन वर्षं आठवड्यातून एकदा घातला तरी दिवसाला नऊ रुपये पडतो. पण खांदा विरलेला असेल तर तोच १२० रुपयांचा खर्च चार धुण्यांत पाण्यात. तेव्हा किंमत बघायच्या आधी खांदा बघा.

जीन्सच्या बाबतीत तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर असू शकतं, हे मोकळ्या मनाने मान्य करा. जीन्सच्या पायात मोबाइलचा टॉर्च लावून धरा आणि तिलाच बघायला सांगा. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळा आधी झिजतो, म्हणून मांडीवर आधी पांढुरकी जाळी दिसू लागते. जाळीवर बारीक, पांढरे, ओढले की लांबणारे केस उभे दिसले तर ते ताणाच्या कापडातलं रबर आहे. ते तुटायला लागलं की ती जीन्स संपली. कुणी कितीही सुरेख रफू केला तरी गेलेली लवचीकता परत येत नाही. तिथे २५० रुपये घालू नका. आणि जीन्स निखळ सुती, जाड असेल, तर आतून जुन्या मऊ डेनिमचा तुकडा विरलेल्या जागेपेक्षा चार बोटं मोठा लावून घ्या, म्हणजे टाके जिवंत कापडात बसतील. यापुढे हे भोक पडायच्या आधी करायचं. विरत चाललेल्या कापडाला आधीच अस्तर मिळालं तर ते बराच काळ टिकतं.

तिला सहाशेची नवी घ्यायची असेल तर घेऊ द्या. फक्त घेताना बोहारणीसारखी घ्यायला शिकवा. आत माया किती, शिवण ताणली तर टाके दिसतात का, लेबलवर सुती किती टक्के. दुकानात हे हातात धरून बघता येतं, फोटोत नाही. राम मारुती रोडला एक चक्कर मारली तर तिला स्वतःलाच फरक कळेल.

आता पैठणी. आधी माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. वर्ग सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील, एक बाई त्यांच्या आजीची साडी घेऊन आल्या. घडीवर बोटभर चीर. माझा हात मशीनवर बसलेला होता, मला स्वतःवर विश्वास होता. मागे अस्तर धरून मी चिरेवर बारीक झिगझॅग मारला. दिसायला सुरेख झालं. त्यांनी ती मुंजीत नेसली आणि पाटावर बसताना ती शिलाईच्या रेषेवरूनच फाटत गेली, पोस्टाची तिकिटं भोकांवरून सुटतात तशी. मशीनच्या सुईने पाडलेली शेकडो भोकं त्या जुन्या रेशमाला झेपली नाहीत. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. साडी घडी करून पिशवीत घातली. ती घडी घालतानाचे त्यांचे हात मला अजून दिसतात.

जुनं रेशीम आतून कोरडं होतं. ऊन, घाम आणि वय यांनी धागा ठिसूळ होतो आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडलेला असला की तिथेच तुटतो. म्हणून तुमची पैठणी घडीवर जातेय. आधी ठरवायचं ते हे की फक्त घड्या गेल्यात की अंगही गेलंय. दोन घड्यांच्या मधल्या कापडावर अंगठ्याने अगदी हलका ताण द्या. नखाने ओरबाडू नका. ते टिकलं तर साडी वाचेल. घडीच्या रेषांवर मागून त्याच रंगाची बारीक नेट हाताने, लांब टाक्यांनी लावून घ्या, आणि जिथे धागेच नाहीत तेवढ्याच ठिकाणी रफू. मशीन नको. शिवून होण्याआधी ड्रायक्लीन किंवा रोल पॉलिशही नको, त्या ओढाताणीत चिरा वाढतात. रफूवाल्याला 'दोरा कुठून घेणार?' असं विचारा. ज्यांच्या घराण्यात हे काम आहे, उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादकडची बरीच मंडळी त्यात आहेत, ते शक्यतो त्याच कापडाच्या लपलेल्या भागातून धागा काढून घेतात. तो लगेच रिळाकडे बोट दाखवायला लागला तर साडी परत पिशवीत घाला.

अंगही गेलं असेल तर मन घट्ट करा आणि काठ-पदर वाचवा. पैठणीचे काठ आणि पदर जरीत विणलेले असतात, ते बहुतेक वेळा अंगाहून जास्त टिकतात. ते उतरवून नव्या रेशमावर लावून देणारे कारागीर आहेत. डिसेंबर फार लांब नाही, तेव्हा गणपती झाले की लगेच हलवा. आणि मधल्या काळात दारावर जुन्या जरीच्या साड्या वजनावर घेणारं कुणी आलं तर घाईने देऊन टाकू नका. जुन्या अस्सल जरीत चांदीची तार असते, त्यावर सोन्याचा मुलामा. घेणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

साडी नेसण्याजोगी झाली तर अक्षतांपुरती नेसा आणि जेवणाच्या आधी बदला. नंतर सावलीत वारं लागू द्या, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. घोडबंदरला खाडीचा दमट वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. आणि या साडीवर जे पैसे जातील ते शर्टाच्या हिशेबात धरू नका. तो खर्च कपड्यांचा नाहीच, आईचा आहे.

आता तुमच्या सासूबाई.

सासरे मेंडिंगला होते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मेंडिंग म्हणजे काय, हे तुमच्या मुलीला कुणी सांगितलंय का? लोकरीच्या मिलमध्ये मागावरून उतरलेला तागा तसाच दुकानात जात नाही. विणताना एखादा धागा तुटलेला असतो, एखादा सुटलेला असतो, कुठे गाठ वर आलेली असते. तागा उजेडाखाली टेबलावर पसरतात आणि मेंडर त्यावरून हात फिरवत जातो. गाठ लागली की चिमट्याने वर काढायची, धागा नसेल तिथे सुईने त्याच विणीत नवा घालायचा, एक खाली, एक वर, कुणाला कधी कळणार नाही असा. सुटाचं जे कापड आपण कोरं करकरीत म्हणून घेतो, त्यात दुकानात येण्याआधीच कुणाच्या तरी बोटांनी केलेली दुरुस्ती असू शकते. पोखरण रोडवरची ती मिल १९२५ सालची. आता तिथे टॉवर आहेत. तिथे हे काम करणाऱ्या हातांनी तुमच्या सासूबाईंना शिकवलंय. दुरुस्ती त्यांच्यासाठी काटकसर नव्हती कधी. ते त्यांच्या नवऱ्याचं कसब आहे, त्यांनी घरात जपलेलं.

तेव्हा त्यांनी काखेत बोट फिरवलं त्याचा अर्थ तुम्हाला कळलाच असेल. मेंडर डोळ्यांच्या आधी बोटांनी बघतो. त्यांना नीट दिसत नाही, पण आपला टाका तिथे नाही आणि मशीनची शिलाई आहे, हे त्यांना क्षणात कळलं. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, ताई. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत. मुलीला कपडा घालता यावा आणि सासूबाईंचं मन राखावं, दोन्ही साधायला गेलात. पण त्या गप्प राहिल्या ते तुमचं मन राखायला. दोघी एकमेकींना सांभाळत एकाच घरात अवघडून बसला आहात.

त्यांना सांगून टाका. मोठी प्रस्तावना नको, मुलगी आणि मिस्टर समोर नकोत. दुपारी त्या झोपायच्या आधी जवळ बसा आणि एवढंच म्हणा, "आई, कुर्ता मी अल्टरवाल्याकडे नेला होता. तुमचे टाके मी उसवले. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही, माझं चुकलं." मुलगी घालत नाही, तुमचा हात कापतो, ही कारणं त्या वेळी देऊ नका. ती त्यांना माहीत आहेत. त्या काही बोलल्या नाहीत तर तुम्हीही गप्प बसा, पण उठून जाऊ नका.

मग दुसऱ्या दिवशी तो सगळा ढीग त्यांच्यापुढे ठेवा आणि खरोखर मदत मागा. उजेडात धरून बघायची परीक्षा मी तुम्हाला सांगितली, पण तुमची बोटं अजून नवखी आहेत. त्यांची पन्नास वर्षांची आहेत. कुठलं कापड जिवंत आणि कुठलं संपलेलं, हे त्या डोळे मिटून सांगतील. निवाडा त्यांनी करायचा, बारीक शिवण अल्टरवाल्याकडे तुम्ही न्यायची, आणि आणल्यावर काम त्यांना दाखवायचं. चांगलं की वाईट ते त्या सांगतील. एखादी शिलाई त्यांनी नापास केली तर ती परत करून आणायची. हे त्यांचं मन राखण्यासाठी म्हणून करू नका. अल्टरवाल्याचं काम पारखणारं तुमच्या घरात दुसरं कुणी नाहीच.

हाताला कामही लागेल. ढिगातले जे कपडे संपलेले ठरतील त्यातले सुती वेगळे काढा. शंका आली तर दुमडीतून एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही, त्याचं फडकंसुद्धा धड होत नाही. पण जुनं सुती कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की गोधडीला, तान्ह्या बाळाच्या दुपट्याला त्यासारखं दुसरं काही नाही. गोधडीचा धावदोरा मोठा असतो, सुई जाड चालते, टाका थोडा वाकडा गेला तर गोधडी काही बिघडत नाही. गडद कापडावर पांढरा दोरा द्या, म्हणजे त्यांना दिसेल. भाचीचं लग्न आहे म्हणता, पुढेमागे त्या घरी दुपटं लागेलच.

पण आधी त्यांचे डोळे तपासून घ्या. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने बराच फरक पडतो. हात कापतो तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याची कारणं अनेक असतात आणि काहींवर उपाय आहेत. हे गणपतीच्या गडबडीआधी झालं तर उत्तम.

मुलीवर आजीने शिवलेलं घालायची सक्ती करू नका. तिच्या वयात वाकडा टाका मैत्रिणींत मिरवणं सोपं नसतं. तिला एकच काम द्या. दर रविवारी सकाळी, आंघोळ झाली की दहा-बारा सुयांत दोरा ओवून द्यायचा. चार पांढरे, चार काळे, बाकी आजी सांगेल ते. गाठ मारायची नाही, आजी स्वतःची गाठ स्वतः मारते. सगळ्या सुया टोचायच्या छोट्या उशीत ओळीने खोचून डबा आजीच्या उजव्या हाताला ठेवायचा. आठवडाभर त्यांना सुईच्या नेढ्यासाठी कुणाला हाक मारावी लागणार नाही.